पुढचे पाय फुटायच्या आधी चिलटांची सोय करा

पहिला मोठा पाऊस झाला की डबक्यांत काळे जीव वळवळू लागतात आणि लेकरं बाटल्या घेऊन तिकडं धावतात. या वेळचे सगळे प्रश्न त्यांच्याबद्दलच आले आहेत. खरखरीत पाठ, डोळ्यांमागे दोन फुगीर गाठी, उड्या कमी आणि चालणं जास्त, असा बेडूक रात्री न्हाणीच्या मोरीजवळ किंवा रांजणाखाली बसलेला दिसतो. पुस्तकात त्याला भेक म्हणतात. खालची उत्तरं त्याच्या पिल्लांसाठी आहेत.

प्रश्न : रस्त्याकडेच्या खड्ड्यात काळ्या पिल्लांचा थवा आहे. पावसानं ओढ दिली आहे, खड्डा दोन दिवसांत आटेल. ही भेकाचीच का? किती आणावीत? (परळी)

काळीकुट्ट असतील, घोळक्यानं फिरत असतील आणि शेपटीसकट अडीच सेंटिमीटरच्या आत असतील, तर बहुतेक भेकाचीच. अंडी शिल्लक असतील तर शंकाच उरत नाही. भेकाची अंडी गवताला गुंडाळलेल्या लांब, बुळबुळीत माळेत असतात, अगदी काळ्या मण्यांच्या पोतीसारखी. त्याच खड्ड्यात मोठी, तपकिरी, जाड तोंडाची पिल्लं दिसली तर ती आणू नका. पावसाळ्यात पिवळ्याधमक होणाऱ्या मोठ्या बेडकाची पिल्लं शिकारी असतात. रात्रीतून ती भेकाची पिल्लं फस्त करतात.

तीस-चाळीसच्या वर आणू नका. बादलीभर पिल्लं पाण्यात जगवता येतील, पण पुढचा हिशेब बघा. जमिनीवर आलेल्या एका पिल्लाला रोज पंधरा-वीस बारीक किडे लागतात. चाळीस पिल्लांना सहाशे ते आठशे, तेही जिवंत आणि रोजच्या रोज. उरलेल्यांसाठी खड्डा मधोमध वीतभर खोल करा, म्हणजे उरलंसुरलं पाणी तिथं गोळा होईल. संध्याकाळी त्यात दोन-चार घागरी पाणी ओता.

पिल्लं त्याच खड्ड्याच्या पाण्यात, सावलीतून आणा. घरी आल्यावर बादली अर्धा तास टबातल्या पाण्यात उभी करा आणि मगच पिल्लं सोडा. पाणी एकदम थंड किंवा गरम लागलं तर ती दगावतात. रानातला जीव कायम घरी ठेवायचा असेल तर आधी वन विभागाच्या परिक्षेत्र कार्यालयात विचारून घ्या. विक्रीचा विचार तर मनातही आणू नका. पिल्लं आटत्या पाण्यातून वाचवावीत, वाढवावीत आणि बहुतेक सगळी जिथून आणली तिथंच सोडावीत, हे आमचं ठाम मत.

प्रश्न : नळाला आठवड्यानं पाणी येतं. साठवणीचं चालेल का? नाहीतर जारचं की बोअरचं? (लातूर)

साठवणीचंच बरं. नळाच्या पाण्यात टीसीएल (ब्लीचिंग) पावडरीचा क्लोरीन असतो, तो पिल्लांचे कल्ले जाळतो. रुंद तोंडाच्या बादलीत पाणी चोवीस तास उघडं ठेवलं की क्लोरीन उडून जातो. पावसाळ्यात ग्रामपंचायत पावडर जास्त टाकते. वास येत असेल तर दोन दिवस थांबा. बोअरचं पाणीही रात्रभर उघडं ठेवूनच वापरा, कारण खोलातून आलेल्या पाण्यात प्राणवायू कमी असतो. बादलीला पांढऱ्या क्षारांचा जाड थर धरत असेल तर निम्मं पावसाचं पाणी मिसळा. जारचं फिल्टर पाणी एकट्यानं वापरू नका. त्यातले क्षार काढलेले असतात आणि पिल्लांना ते लागतात. आरोग्य खात्यानं डासांच्या अळ्यांसाठी अबेट हे औषध टाकलेल्या हौदातलं पाणी नको. ज्या हौदात गप्पी मासे आहेत तिथं पिल्लं सोडू नका, मासे शेपट्या कुरतडतात.

चाळीस पिल्लांना चाळीस लिटरचा पसरट प्लास्टिक टब घ्या. पाणी वीतभरापेक्षा खोल नको. टब सावलीत ठेवा, सकाळचं कोवळं ऊन लागलं तर चालेल. पाणी फार तापलं तर पिल्लं दगावतात. दर दोन-तीन दिवसांनी एक तृतीयांश पाणी बदला, सगळं कधीच नाही. तांब्या-पितळेचं घंगाळ कितीही शोभिवंत असलं तरी नको. तांबं पाण्यात उतरतं आणि पिल्लांना ते विष आहे. नवा सिमेंटचा हौदही नको. चुना पाण्यात उतरत राहतो, म्हणून तो दोन-तीन आठवडे भरून-रिकामा करून घ्यावा लागतो. आणि फवारणीची बादली कितीही धुतली तरी फवारणीचीच.

प्रश्न : लेकरं भाकरी कुस्करून टाकतात. पाणी पांढरट झालं, वास येतोय, पिल्लं वर येऊन तोंड उघडतात. (जिंतूर)

भाकरी, भात, पोहे, बिस्कीट सगळं बंद करा. पिठूळ पदार्थ आंबतो, पाण्यातला प्राणवायू संपतो आणि पिल्लं हवेसाठी वर येतात. आज निम्मं पाणी बदला आणि उद्या पुन्हा निम्मं. दोन्ही दिवस खायला काही देऊ नका.

पुढं पालेभाजी द्या. पान पाच मिनिटं उकळा, गार करा आणि टाका. चाळीस पिल्लांना तळहाताएवढं एक पान दिवसाला पुरतं. चोवीस तासांत संपलं नाही तर उरलेलं काढा आणि उद्या कमी द्या. रोज पालक मात्र नको. त्यातलं ऑक्झॅलेट चुना (कॅल्शियम) बांधून ठेवतं आणि मूत्रपिंडात खडे होतात. कोबीचं बाहेरचं पान, दोडका, दुधी यांची अदलाबदल करा. डबक्यातल्या दगडावरचं हिरवं शेवाळ मिळालं तर त्याच्यासारखं दुसरं नाही. आठवड्यातून दोनदा माशांच्या खाद्याची चिमूट किंवा हरभऱ्याएवढा उकडलेल्या अंड्याचा पिवळा बलक द्या. बलक दोन तासांत काढून घ्या, नाहीतर पुन्हा तोच वास. मेलेल्या भावंडाला बाकीची पिल्लं खातात, त्यात घाबरण्यासारखं काही नाही.

टबात समुद्रफेसाचा, म्हणजे माकुळाच्या पाठीतल्या पांढऱ्या हाडाचा, बोटभर तुकडा टाकून ठेवा. काष्ठौषधीच्या दुकानात मिळतो. हाडांना लागणारा चुना त्यातून हळूहळू मिळत राहतो.

प्रश्न : मेलेलं एकही पिल्लू दिसत नाही, तरी रोज चार-पाच कमी होतात. (औंढा नागनाथ)

तळ्यातून पाणवनस्पती आणली होती ना? तिच्याबरोबर चतुराची अळी आली असणार, तीच पिल्लं खाते. चपटी, मातकट, सहा पायांची, तळाशी गप्प बसलेली. वनस्पती पांढऱ्या परातीत झटकून बघा, सापडेल.

प्रश्न : दोन महिने झाले, मागचे पायसुद्धा फुटले नाहीत. आयोडीन कमी पडतं असं वाचलं, मीठ टाकू का? (वसमत)

मीठ टाकू नका. मिठानं पिल्लांच्या अंगातलं पाणी ओढलं जातं. पायफुटीला आयोडीन लागतं हे खरं, पण ते समुद्री मासळीपासून केलेल्या मत्स्यखाद्यात पुरेसं असतं. बहुतेक वेळा कारण साधं असतं : टबात दाटी किंवा खायला कमी. दाटीत सगळ्यांचीच वाढ खुंटते. पिल्लं दोन टबांत वाटा. आपल्याकडच्या पावसाळी हवेत महिना-दीड महिन्यात पाय यायला हवेत.

प्रश्न : पुढचे पाय आले म्हणून आनंद झाला, आणि सकाळी अकरा मेलेली. पाणी स्वच्छ होतं. (कळंब, धाराशिव)

बुडाली. पुढचे पाय येतात तेव्हा कल्ले जातात आणि फुप्फुसं कामाला लागतात. शेपूट आखडत असल्यानं पोहणंही जमत नाही. टबाची भिंत सरळ असेल तर रात्रभरात थकून ती तळाला जातात.

एकाही पिल्लाला पुढचा पाय दिसला की पाणी तीन सेंटिमीटरवर आणा आणि टबाखाली एका बाजूला वीट सारा. निम्मा तळ कोरडा झाला पाहिजे. कोरड्या बाजूला ओलं गोणपाट आणि खापराचे तुकडे ठेवा. वर मच्छरदाणीचं कापड घट्ट बांधा, कारण ओल्या भिंतीला चिकटून ही पिल्लं सरळ वर चढतात. एकच पुढचा पाय दिसला तर व्यंग समजू नका, दुसरा दिवसभरात येतो. पाय काडीसारखे बारीक असतील आणि पिल्लाला उभंच राहता येत नसेल, तर ते सहसा वाचत नाही.

शेपूट जिरेपर्यंत, म्हणजे तीन ते पाच दिवस, पिल्लू काही खात नाही. तोंडाची घडण बदलत असते आणि शेपटीवरच त्याचं भागतं. या दिवसांत टबात खाद्य टाकलं तर फक्त पाणी नासतं.

प्रश्न : एवढाल्या पिल्लांना खायला काय द्यायचं? मेलेले डास टाकले तर बघतही नाहीत. (मंठा, जालना)

खरी परीक्षा इथं आहे. सेंटिमीटरभर पिल्लू, आणि हललं नाही तर त्याच्या लेखी ते खाद्यच नाही. चार-पाच दिवस उपाशी राहिलं तर गेलं. म्हणून मागचे पाय दिसले त्याच दिवशी चिलटांची बरणी लावा.

अर्धं जास्त पिकलेलं केळं कुस्करा, गुळाचा खडा घाला, वर चुरगळलेला कागद ठेवा आणि बरणी दोन दिवस स्वयंपाकघरात उघडी ठेवा. चिलटं बसली की तोंडाला कापड बांधा. दहा-बारा दिवसांत नवी पिढी उडते, आणि साधारण तेवढेच दिवस पिल्लांना पुढचे पाय यायला लागतात. दर पाच दिवसांनी नवी बरणी लावा, नाहीतर मधे खंड पडतो. केळ्यावर बुरशी चढली तर ती बरणी टाकून द्या.

चिलटांच्या जोडीला मावा, म्हणजे पिकाचा रस शोषणारे बारीक किडे, द्या. न फवारलेल्या चवळीचं शेंड्याकडचं पान माव्यासकट ठेवलं की पिल्लं त्याभोवती जमतात. कपाशीवरचा मावा चुकूनही नको, ती फवारलेली असते. वाळवी हे तर त्यांचं पक्वान्न. बांधावर वाळवी असेल तिथं ओला पुठ्ठा रात्री दाबून ठेवा आणि सकाळी झटकून घ्या. बारीक काळ्या मुंग्या चालतात. चावऱ्या लाल मुंग्या मात्र उलट पिल्लांनाच मारतात. साखरेच्या डब्याला करतो तसं पिल्लांच्या खोक्याखाली पाण्याच्या ताटल्या ठेवा. किडा केवढा असावा? पिल्लाच्या दोन डोळ्यांमधल्या अंतराहून मोठा नको.

आठवड्यातून तीनदा किडे पेल्यात घेऊन समुद्रफेसाच्या किंवा उकळून वाळवलेल्या अंड्याच्या टरफलाच्या वस्त्रगाळ पुडीत घोळवा. चुना कमी पडला की जबडा मऊ पडतो, पाय वाकतात आणि जीभ मारली तरी किडा धरता येत नाही.

खोक्यात काळी माती भरू नका. ओली झाली की पायांना गोळे चिकटतात आणि वाळली की भेगा पडतात. पोयटा आणि कोकोपीट निम्मंनिम्मं घ्या. मुठीत दाबल्यावर गोळा व्हावा, पण पाणी गळू नये. पाण्यासाठी बरणीचं झाकण पुरतं, अर्धा सेंटिमीटर पाणी आणि चार खडे.

एवढं रोज जमणार नसेल तर शेपूट जिरल्यावर लगेच, पावसाच्या संध्याकाळी, आणलेल्या जागेजवळच्या दाट गवतात पिल्लं सोडा. दुसऱ्या गावच्या तळ्यात नको, कातडीचे बुरशीजन्य रोग असेच पसरतात. दोन-तीनच ठेवली तर तुमचा आणि त्यांचाही जीव निवांत राहील.

प्रश्न : मोठ्या झालेल्या दोघांना गांडूळखताच्या खड्ड्यातली गांडुळं दिली, थुंकून टाकली. उन्हाळ्यात तर खाणंच सोडलं. (गेवराई)

खताच्या खड्ड्यातलं तांबडं, पट्टेदार गांडूळ डिवचलं की पिवळट, उग्र वासाचा रस सोडतं, म्हणून थुंकतात. बागेतलं साधं देशी गांडूळ आवडीनं खातात. मुख्य आहार रातकिडे, नाकतोडे आणि दिव्याखाली पडणारे भुंगे. आठवड्यातून दोन-तीनदा, दर वेळी सहा-आठ किडे पुरे. घरातली झुरळं नकोत, त्यांच्या पोटात फवाऱ्याचं विष असू शकतं. घोणस अळीसारख्या काटेरी अळ्याही नकोत.

दोघांना साठ बाय चाळीस सेंटिमीटरचं खोकं, आठ-दहा सेंटिमीटर माती आणि आडवा पुरलेला फुटका माठ एवढं पुरे. बेडूक तोंडानं पाणी पीत नाही, पोटाखालच्या कातडीनं शोषतो. म्हणून अख्खा बसेल एवढी पसरट थाळी हवी आणि पाणी रोज बदलायला हवं. वैशाखात तो मातीत शिरून पडून राहतो आणि खाणं घटतं. आजार नव्हे, ऋतूच तसा. खोक्यावर ओलं गोणपाट टाका. कूलरच्या थेट झोतात खोकं ठेवू नका, गार वाटला तरी वारा कातडी वाळवतो. कमरेची हाडं वर दिसू लागली तरच काळजी करा.

प्रश्न : अंग आखडून तोंडात काहीतरी ओढत होता, गुदमरतोय का? (उदगीर)

कात टाकतोय, आणि टाकलेली कात खातोय. हात लावू नका.

प्रश्न : कुत्र्यानं तोंडात धरला आणि फेस आला. लेकरांच्या हाताला चामखीळ येतात हे खरं का? (हदगाव)

चामखीळ विषाणूमुळं येते, बेडकामुळं नाही. डोळ्यांमागच्या गाठींतला पांढरा चीक मात्र विषारी आहे. कुत्र्याचं तोंड खाली आणि बाजूला वळवून पाण्याच्या धारेखाली धुवा. पाणी घशात जाऊ देऊ नका, हिरड्या ओल्या कापडानं पुसा. कुत्रं झोकांड्या देऊ लागलं किंवा झटके आले तर लगेच पशुवैद्याकडं न्या. लेकरांनी बेडूक हाताळायचाच तर हात ओले करून, आणि नंतर डोळ्यांना हात लावायच्या आधी साबणानं धुवून. उचलल्यावर तो मुतला तर ते साठवलेलं पाणी असतं. ते सांडलं म्हणून खाली ठेवल्यावर त्याला लगेच पाण्याच्या थाळीत बसवा. पाऊस मागायला धोंडी काढताना मुसळाला बांधलेल्या बेडकाचे हाल याच कारणानं होतात. दुपारभर उन्हात फिरवला की संध्याकाळपर्यंत तो सुकून जातो. धोंडी बेडकाशिवायही निघते.

प्रश्न : प्लास्टिकच्या शेततळ्यात दरवर्षी हजारो पिल्लं होतात आणि काठाशी मरून पडतात. काही करता येईल? (भूम)

येईल, आणि खर्चही फार नाही. ओल्या, तापलेल्या प्लास्टिकवर पिल्लांचे पाय ठरत नाहीत. अंडी घालायला आलेल्या माद्याही तशाच अडकतात. चारही बाजूंना जुनं गोणपाट किंवा काथ्याची जाड दोरी काठापासून पाण्यात हातभर खोल जाईल अशी सोडा. वरचं टोक बांधावर दगडाखाली दाबा आणि पाणी उतरेल तशी दोरी वाढवा. मागचे पाय फुटलेली पिल्लं दिसू लागायच्या आत हे काम उरका.