‘आम्ही तुमची कोणतीही माहिती साठवत नाही’ असं छोट्या ॲपच्या साइटवर लिहिलेलं असतं. ते खरं मानावं का?

तुमचा प्रश्न लोकलचं वेळापत्रक दाखवणाऱ्या एका ॲपच्या साइटबद्दल आहे: लॉगिन नाही, नाव-नंबर विचारत नाहीत, मग माहिती जाणार कुठून? मी परळला बसून अशाच छोट्या साइट्स सांभाळतो. असं लिहिणारा बहुतेक वेळा खोटं बोलत नसतो. पण ते वाक्य शब्दशः खरं असणं अवघड आहे.

तुम्ही पान उघडलंत की सर्व्हरच्या (साइट जिथून चालते त्या कॉम्प्युटरच्या) लॉगमध्ये, म्हणजे नोंदवहीत, एक ओळ पडते. त्यात आयपी ॲड्रेस (इंटरनेटवरचा तुमच्या कनेक्शनचा नंबर), तारीख, सेकंदापर्यंतची वेळ, कोणतं पान मागितलं आणि ब्राउझर कोणता, एवढं असतं. हे कुणी मुद्दाम लावत नाही, सॉफ्टवेअर टाकलं की चालूच असतं. आता तुम्ही ‘विरार ते चर्चगेट’ शोधलंत आणि साइटने दोन्ही स्टेशनं पानाच्या पत्त्यातच घातली, तर तीही त्या ओळीत उतरतात. रोज सकाळी सातच्या सुमारास तीच ओळ दिसली की राहायला कुठे आणि नोकरी कुठे, याचा अंदाज नाव न विचारता येतो. मोबाइल डेटावर एकच आयपी बऱ्याच ग्राहकांत वाटलेला असतो, त्यामुळे थोडा आडोसा मिळतो. घरच्या वायफायवर तो तेवढा नाही.

सर्व्हरवर उबंटू ही ऑपरेटिंग सिस्टीम असेल आणि साइट चालवणारं एनजिनएक्स हे सॉफ्टवेअर नेहमीच्या सेटिंगने टाकलं असेल तर जुने लॉग साधारण १४ दिवसांनी आपोआप पुसले जातात. बॅकअप घेतला असेल तर त्यात ते राहतात, आणि बॅकअप कोण उघडून बघतो!

दुसरी गोष्ट बाहेरून आणलेल्या सामानाची. गुगल ॲनालिटिक्स (साइटवर कोण किती येतं ते मोजणारी सेवा), फॉन्ट, नकाशा, यूट्यूबचा व्हिडिओ, यातलं काहीही पानावर असलं की तुमचा ब्राउझर थेट त्या कंपनीच्या सर्व्हरशी बोलतो. ॲनालिटिक्सची मुख्य कुकी, म्हणजे तुमच्या ब्राउझरमध्ये ठेवलेली ओळखखूण, साइटवाल्याने सेटिंगला हात लावला नाही तर २ वर्षांची असते. हे स्वतः बघायचं असेल तर कॉम्प्युटरवर क्रोममध्ये एफ१२ दाबा, नेटवर्क टॅब उघडा आणि पान रिफ्रेश करा. साइटच्या स्वतःच्या नावाशिवाय कोणकोणती नावं येतात ते वाचा. मालकाला विचारण्याआधीच निम्मं उत्तर मिळतं.

माझ्या मते खरी जोखीम मात्र ‘संपर्क साधा’ या फॉर्ममध्ये आहे. लॉग निदान पुसले जातात. फॉर्ममधले नाव, नंबर, तक्रार मात्र कुणाच्या तरी मेलबॉक्समध्ये वर्षानुवर्षं पडून राहतात, आणि त्या मेलबॉक्सचा पासवर्ड ऑफिसात चौघांना ठाऊक असतो.

कायद्याचं थोडक्यात. डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायदा २०२३ चा, त्याचे नियम नोव्हेंबर २०२५ मध्ये आले. साइट चालवणाऱ्यांवरच्या मुख्य जबाबदाऱ्या त्यानंतर १८ महिन्यांनी लागू होतात. संमतीची सूचना मराठीतून वाचायचा पर्याय द्यावा लागणार आहे, हे मला त्यातलं सगळ्यात कामाचं वाटतं.

तुमच्या ॲपबद्दल म्हणाल तर साइटवरच्या पत्त्यावर मेल टाकून दोनच गोष्टी विचारा: लॉग किती दिवस ठेवता आणि बाहेरच्या कोणत्या सेवा वापरता. ‘पंधरा दिवस ठेवतो, ॲनालिटिक्स लावलंय’ असं सरळ उत्तर आलं तर बिनधास्त वापरा. लोकेशनची परवानगी मात्र देऊ नका, कुठून कुठे जायचं ते तुम्ही टाइप करणारच आहात.