गंगेवरच्या बाजारात मिळालेली ही पितळी वस्तू कशाची आहे?

ही वज्री आहे. अंघोळ करताना टाचा आणि तळपाय घासायची.

तुम्ही लिहिलंय की नाशकात गंगेवर, म्हणजे गोदावरीच्या काठी, बुधवारच्या बाजारात जुन्या कुलपांच्या ढिगात ही मिळाली. मुठीत मावते, वर मोर आहे, तळ खडबडीत आहे, हलवली की आत खुळखुळ वाजतं, आणि विकणाऱ्याने ‘देवाचा शिक्का’ म्हणून दिली. घाटावर गोपीचंदनाच्या मुद्रा, म्हणजे अंगावर गोपीचंदनाचा ठसा उमटवायचे शिक्के, विकायला असतात, त्यामुळे त्याला तसं वाटलं असेल. पण मुद्रेवर शंख, चक्र किंवा नाव असतं, आणि अक्षरं उलटी कोरलेली असतात. तुमच्या फोटोत तळावर नुसत्या आडव्यातिडव्या रेघा आहेत, त्यांचा ठसा घेऊन काय करणार? त्या कातडी खरवडायलाच आहेत. आतला आवाजही मोडतोडीचा नाही. वज्री पोकळ ओततात आणि आत बारीक खडे किंवा गोळ्या मुद्दाम ठेवतात. पाय घासताना घुंगरांसारखा नाद होतो. टाच घासण्यासारख्या कामातही कुणाला नाद हवासा वाटला, हे मला फार आवडतं.

तळाचा फोटो मोठा करून बघा. मधल्या रेघा जवळजवळ पुसल्या गेल्यात, कोपऱ्यातल्या मात्र अजून बोटाला लागतील अशा आहेत. मोराच्या मानेमागे, जिथे अंगठा टेकतो, तिथली पिसांची नक्षी गुळगुळीत झाली आहे. म्हणजे ही शोभेची म्हणून कपाटात बसलेली नाही, खूप वापरलेली आहे. जुनी दिसावी म्हणून काळी केलेली नवी वस्तू बहुतेकदा सगळीकडे सारखीच काळी असते आणि तिच्या रेघा मधोमधही धारदार असतात. खाचांमधला पांढरट थर बहुतेक पाण्याच्या क्षाराचा आहे.

तांबट गल्लीतली असेल का, असं विचारलंत. तांबटांचं काम ठोक्याचं. पत्रा ठोकून हंडे, बंब, घंगाळं घडवायची. वज्री ओतीव असते, ते ओताऱ्याचं काम, म्हणून तिच्यावर ठोक्यांचे खळगे दिसत नाहीत. शिवाय अशा वज्र्या महाराष्ट्राबाहेरही वापरात होत्या, तेव्हा नाशकात मिळाली एवढ्यावरून ती नाशिकची ठरत नाही. पुण्याला गेलात तर बाजीराव रस्त्याजवळचं राजा दिनकर केळकर संग्रहालय जरूर बघा. तिथे वज्र्या आहेत, शेजारी ठेवून ताडून बघितल्यासारखं होईल.

आता तुमचा शेवटचा प्रश्न: पॉलिश करून अमेरिकेतल्या बहिणीला पाठवू का?

पॉलिश कृपा करून करू नका. भांडी बाजारात मशीनवर दिलीत तर दोन मिनिटांत सोन्यासारखी चमकेल, पण मानेमागची ती झीज आणि उरलेली पिसं दोन्ही जातील, आणि ती परत कुणालाही आणता येणार नाहीत. चिंच-लिंबात भिजत टाकणंही नको. आंबटात जास्त वेळ राहिलं की पितळेतलं जस्त निघतं आणि वरचा भाग तांबूस दिसू लागतो. मऊ ब्रश, साधा साबण, कोमट पाणी, एवढं पुरे. धुतल्यावर पालथी ठेवून उन्हात पूर्ण वाळवा, कारण ओतकामात राहिलेल्या बारीक भोकांतून पाणी आत जाऊन साचतं.

बहिणीकडे पाठवायच्या आधी वय तपासून घ्या. १९७२ च्या पुरावशेष कायद्याप्रमाणे १०० वर्षांहून जुनी वस्तू खासगी व्यक्तीला देशाबाहेर पाठवता येत नाही. पुरातत्त्व खात्याकडून ती पुरावशेष नसल्याचा दाखला मिळाला तर खुशाल पाठवा. नाही मिळाला तर बहीण घरी येईल तेव्हा तिला इथेच वापरायला द्या, आणि तोवर रोज वापरा. टाचांना ती अजूनही छान चालेल.