दारातल्या शिशाच्या पट्टीची रंगीत काच फुटली, तर घरच्या घरी दुरुस्त होते का?

तुमच्या गुहागरच्या जुन्या घराच्या पुढच्या दारात शिशाच्या पट्ट्यांत बसवलेली रंगीत नक्षी आहे, तिचे दोन तुकडे तडकलेत आणि काचवाला म्हणतो, सगळं काढून नवी काच घाला. फक्त तेवढे दोन तुकडे बदलता येतात का, हा तुमचा प्रश्न. येतात. वेंगुर्ल्याला आमच्या दारात मी तीन बदलले. त्यातला एक दोनदा, ते पुढे सांगतो.

पट्टी खरंच शिशाची आहे ना, हे आधी बघा. आपल्याकडच्या जुन्या घरांत रंगीत तावदानं बहुतेक लाकडी पट्टीतच असतात, आणि ते काम कुठलाही सुतार तासाभरात करून देईल. हल्लीच्या काही दारांत तर एकाच सलग काचेवर पट्टी वरून चिकटवलेली असते, तिथे तुकडा असा बदलताच येत नाही. खऱ्या शिशावर नखाचा ओरखडा उठतो आणि कागदावर घासलं की राखाडी रेघ उमटते. मग तळहाताने काच अगदी हलके दाबा. जराशी खुळखुळली तर आतलं लुकण, म्हणजे काच आणि पट्टीतल्या फटीत भरलेली लांबी, गेलंय, ते भरता येतं. पण पूर्ण चौकट पोट सुटल्यासारखी फुगली असेल, सांधे जागोजागी चिरले असतील, तर घरी हात लावू नका. ते पूर्ण उकलून नव्या पट्टीत बांधायचं काम आहे. मुंबईत राजाबाई टॉवर, जुनी चर्चेस यांमुळे अशा काचांचे जाणते कारागीर आहेत. खर्चिक आहे, पण तिथे पर्याय नाही.

तुमचं दोन तुकड्यांचंच असेल, तर नक्षीची चौकट दारातून काढू नका, दारच बिजागऱ्यांवरून उतरवा. उभ्या दारावर डाख (पट्ट्या जोडायचा वितळवलेला धातू, सोल्डर) लावायला गेलात तर तो ओघळून खाली येतो. आधी फुटक्या तुकड्यांवर दोन्ही बाजूंनी चिकटपट्टी मारा, नक्षीच्या मागे प्लायवूड बांधा आणि मगच दार त्या प्लायसकट आडवं करा. आधाराशिवाय आडवं केलं की नक्षी स्वतःच्या वजनाने खचते.

आमच्याकडचे म्हातारे सुतार मला म्हणाले होते, "पट्टी तोडलंस तर काच घेवन काय करतलंस?" सगळी गोम तिथेच आहे. या पट्टीचा छेद इंग्रजी एच अक्षरासारखा असतो, काचेच्या दोन्ही अंगांना तिचे ओठ येतात. घराच्या आतल्या बाजूचे ओठ उघडायचे. कोपऱ्यांवर डाखाचे सांधे असतात, ते वाकत नाहीत. तिथे धारदार सुरीने तिरकी चीर द्यायची. मग बोथट सुरीने ओठ उचलायचा, पण एका दमात नाही. पूर्ण कडेवरून एकदा थोडा, परत थोडा, तीन-चार फेऱ्यांत उभा करायचा. जुनं शिसं एकाच जागी जोर दिला की फाटतं. मग फुटका तुकडा काढा आणि खाचेतलं वाळलेलं लुकण खरवडून टाका.

नव्या काचेचा साचा मी लग्नपत्रिकेच्या जाड कागदाचा केला. साचा खाचेत अलगद पडला पाहिजे, चहूबाजूंनी जेमतेम मिलिमीटरभर सैल. काच घट्ट बसवली तर दाबाने तीच पुन्हा तडकते. कटरला रॉकेलचा थेंब लावून एकाच ओढीत रेघ मारा, त्याच रेघेवरून दुसऱ्यांदा फिरवू नका. आत वळणारी गोलाई कापायला सर्वांत अवघड, दोन-चार तुकडे वाया जाणार हे धरूनच काच घ्या. जुना रंग नव्या काचेत हुबेहूब मिळत नाही. मला निळा तुकडा एका पाडलेल्या घराच्या तावदानात सापडला.

काच लुकणात बसवा, ओठ बांबूच्या चिपाटीने दाबून परत लावा आणि चिरलेले कोपरे चकचकीत होईपर्यंत खरवडून, फ्लक्स (डाख धातूला धरावा म्हणून लावतात ते रसायन) लावून, डाख द्या. 60/40 चा (60 टक्के कथील, 40 टक्के शिसं) डाख 190 अंशांच्या आसपास वितळतो, शिसं 327 ला. सोल्डरिंग आयर्न दोन-तीन सेकंदांहून जास्त टेकवलंत तर डाखाबरोबर पट्टीही वितळेल. आधी भंगारातल्या शिशावर हात बसवून घ्या.

लुकण म्हणजे बेलतेल (जवसाचं उकळलेलं तेल) आणि खडूची पूड, काळेपणासाठी चिमूटभर काजळी. पहिल्यांदा मी ते टाळून दुकानातलं सिलिकॉन भरलं, तेच व्हिनेगरसारखा आंबूस वास येणारं. पुढच्या पावसाळ्यात पट्टीच्या कडेला पांढरी भुकटी दिसायला लागली. ते ॲसिड शिसं खातं. सगळं काढून पुन्हा केलं. लुकण ब्रशने ओठांखाली ढकला, वर खडूची पूड भुरभुरा, जादाचं काडीने काढा आणि दोन आठवडे दाराला हात लावू नका. आपल्या हवेत हे काम दिवाळी ते शिमगा या दिवसांतच करा. आषाढात लुकण वाळता वाळत नाही.

शिसं विषारी आहे, हे गंमतीत घेऊ नका. पॉलिश पेपर मारायचा नाही, कचरा ओल्या फडक्याने टिपायचा, झाडूने नाही. कामात तंबाखू-चहा बंद, हात साबणाने धुवायचे, लहान मुलं आणि गरोदर बाई लांब. डाख देताना खिडक्या उघड्या ठेवा.

नक्षीच्या मागे लोखंडी सळी असेल तर तीही तपासा. खाऱ्या हवेत ती गंजते, गंज फुगतो आणि काचेला रेटतो, आणि मग दोष काचेला देऊन आपण नवा तुकडा बसवत राहतो. तशी असेल तर सळी बदलून स्टेनलेसची किंवा पितळेची घाला. बाहेरून पारदर्शक काच लावायची असेल तर टफन्ड घ्या, पण माप आधी नीट घ्या, ती नंतर कापता येत नाही. मध्ये फट ठेवा आणि वर-खाली हवेला जागा, नाहीतर आत दव साचतं.

आमची काच मुळात फुटली ती वळवाच्या वाऱ्याने दार आपटून. म्हणून दार परत चढवायच्या आधी भिंतीला रबरी ठोकळा आणि एक हूक बसवून घ्या.