वाचकांचे प्रश्न : तिसऱ्या महिन्याची वाट कशाला?

प्रश्न : पाळी चुकून अठरा दिवस झाले, घरी केलेल्या चाचणीत दोन रेघा आल्या. सासूबाई म्हणतात, तिसरा महिना सरेपर्यंत कुणाला सांगायचं नाही, डॉक्टरांचीही घाई नको. सातव्या महिन्यात ओटीभरण झालं की पहिल्या बाळंतपणाला मी माहेरी, कळवणला जाणार. नाव कुठे आणि कधी नोंदवू?
– एक वाचक, सिडको, नाशिक

उत्तर : नातेवाइकांना केव्हा सांगायचं ते घरात ठरवा, डॉक्टरांकडे मात्र याच आठवड्यात, नाशिकमध्येच जा आणि नाव नोंदवा. दिवस शेवटच्या पाळीच्या पहिल्या तारखेपासून मोजतात, म्हणजे तुम्हाला सहा आठवडे उलटून गेलेत. बाळाच्या मेंदू-मणक्याची नळी मिटते ती याच सुमारास. त्यासाठीची फॉलिक ॲसिडची गोळी (रोज 400 मायक्रोग्रॅम) तीन महिन्यांनी सुरू करून काय उपयोग? आजच सुरू करा. दुकानात 5 मिलिग्रॅमचीही मिळते, ती डॉक्टरांनी सांगितली तरच.

पहिल्या भेटीत पाळीची तारीख, आधीचे आजार आणि चालू औषधं सांगा. वजन, रक्तदाब, लघवी, हिमोग्लोबिन, रक्तगट, थायरॉइड, एचआयव्ही, कावीळ-बी, सिफिलिस यांच्या तपासण्या होतील. माहेर कळवणचं आहे आणि त्या आदिवासी पट्ट्यात सिकलसेल हा आनुवंशिक रक्तदोष जास्त आढळतो, तेव्हा त्याची तपासणी आवर्जून मागा. तुमच्यात दोष निघाला तर यजमानांचंही रक्त तपासावं लागतं. पुढच्या दोन सोनोग्राफी वेळेला बांधलेल्या असतात : एक 11 ते 13 आठवड्यांत, दुसरी, बाळाचे अवयव पाहण्याची, 18 ते 20 आठवड्यांत.

पहिल्या भेटीतच साखरेचीही तपासणी होते. तीत 75 ग्रॅम ग्लुकोज पाण्यातून पाच-दहा मिनिटांत प्यायचं आणि दोन तासांनी रक्त द्यायचं. 140 किंवा जास्त आली तर गरोदरपणातला मधुमेह धरतात. मधल्या वेळेत काही खाऊ नका, फेऱ्या मारू नका, आकडा चुकतो. अर्ध्या तासाच्या आत उलटी झाली तर तपासणी दुसऱ्या दिवशी पुन्हा करायची.

ही तपासणी 24 ते 28 आठवड्यांत परत करायची असते. नेमकं तेव्हाच तुमचं माहेरी जाणं होईल, आणि बायकांच्या तपासण्या राहतात त्या इथेच. नाशिकचे डॉक्टर समजतात ‘तिकडे होईल’, तिकडचे समजतात ‘झाली असेल’. तुमचा रक्तगट निगेटिव्ह आणि यजमानांचा पॉझिटिव्ह निघाला, तर आईच्या शरीराने बाळाच्या रक्ताला विरोध करू नये म्हणून देतात ते अँटी-डी इंजेक्शनही 28व्या आठवड्यातच येतं. म्हणून निघण्यापूर्वी दोन्ही उरकून घ्या. सगळे मूळ रिपोर्ट आणि माता-बाल संरक्षण कार्ड बरोबर न्या आणि पोहोचल्यावर आठवड्याभरात तिथल्या डॉक्टरांना दाखवा. 28 आठवड्यांनंतर दर पंधरा दिवसांनी आणि 36 नंतर दर आठवड्याला तपासणी लागते. रक्तदाब किंवा साखर वाढलेली असेल, तर बाळंतपण रक्तपेढी जवळ असलेल्या ठिकाणी ठरवा, मग माहेरचा हट्ट नको.

खर्चाचा प्रश्न असेल तर दर महिन्याच्या 9 तारखेला सरकारी दवाखान्यांत प्रधानमंत्री सुरक्षित मातृत्व अभियानाची मोफत तपासणी असते.

अंगावरून रक्त जाणं, पाणी जाणं, डोकं ठणकून डोळ्यांपुढे अंधारी, बाळाची हालचाल मंदावणं : यांतलं काहीही झालं तर सकाळची वाट पाहू नका, 108ला फोन करा.

प्रश्न : पाचवा महिना आहे. लोहाच्या गोळीने शौचाला काळं होतं. बंद करू का?
– एक वाचक, सिन्नर

उत्तर : नको. काळा रंग लोहाचाच आहे, त्यात काळजी नाही. गोळी लिंबूपाण्याबरोबर घ्या, चहा तासभर आधी-नंतर टाळा, आणि कॅल्शियम दोन तासांच्या अंतराने. मळमळत असेल तर रात्री जेवणानंतर घ्या.