फीसाठी फौजेत: चोपडा तालुक्यातून आलेला प्रश्न

प्रश्न: आदरणीय ताई, सादर नमस्कार. माझे वय १९ वर्षे असून मी बी.फार्मसीच्या पहिल्या वर्षात शिकत आहे. दोन्ही घरांच्या संमतीने माझा साखरपुडा झाला आहे. ज्यांच्याशी लग्न ठरले ते २० वर्षांचे आहेत. बारावी विज्ञान शाखेत त्यांना चांगले गुण होते आणि अभियांत्रिकीला प्रवेशही मिळत होता; परंतु त्याच वर्षी वादळात त्यांचा केळीचा बाग आडवा झाला, आधीचे पीककर्ज फिटलेले नव्हते, म्हणून शिक्षण सोडून ते एका कापसाच्या जिनिंग कारखान्यात हिशेबाचे काम पाहू लागले. आता त्यांनी चार वर्षांसाठी सैन्यात अग्निवीर म्हणून भरती व्हायचे ठरवले आहे. चार वर्षांनी जी रक्कम हातात येईल तिच्यातून अभियांत्रिकी पूर्ण करीन, असे ते म्हणतात, आणि रोज पहाटे धावण्याचा सराव करतात. माझे वडील म्हणतात की, चार वर्षे मुलगी थांबवून ठेवायची आणि परत आल्यावर नोकरीची खात्री नाही, त्यापेक्षा सोयरीक मोडलेली बरी. होणाऱ्या सासूबाई म्हणतात की, येत्या अखाजीला (अक्षय्य तृतीयेला) देवळात चार माणसांत लग्न लावून टाकू, नोंदणीचे नंतर पाहू. ज्यांच्याशी लग्न ठरले त्यांच्यासमोर मी मात्र हसतमुख राहते आणि रात्री रडते. मी माझे शिक्षण थांबवून नोकरी धरली तर त्यांना जावे लागणार नाही, असेही मनात येते. मी त्यांना साथ कशी द्यावी?

— एक वाचक भगिनी, तालुका चोपडा

उत्तर: तुमच्या पत्रात चार प्रश्न एकमेकांत गुंतले आहेत. त्यातला देवळातल्या लग्नाचा प्रश्न सर्वांत तातडीचा आहे, म्हणून तो आधी घेते.

हे लग्न होऊ देऊ नका. तुमच्या होणाऱ्या सासूबाईंचा हेतू वाईट आहे असे मला मुळीच वाटत नाही. मुलगा दूर चालला आहे, निदान सून तरी घरात असावी, असे त्या माउलीला वाटले असणार. परंतु मुलाचे वय २१ पूर्ण होण्याआधी लावलेले लग्न २००६ च्या कायद्यानुसार बालविवाह ठरते आणि लावणारे वडीलधारेच त्यात अडकतात. शिवाय अग्निवीर म्हणून केवळ अविवाहित उमेदवारालाच घेतले जाते आणि चार वर्षांच्या सेवाकाळात लग्न करण्याची परवानगी नसते. भरतीच्या कागदपत्रांत २१ वर्षांखालील मुलाला सरपंचांच्या सहीचे अविवाहित असल्याचे प्रमाणपत्र द्यावे लागते. म्हणजे ज्या गावाने अखाजीला अक्षता टाकल्या, त्याच गावच्या सरपंचांनी लग्न झालेले नाही असे लिहून द्यायचे. ही गोष्ट पुढे उघडकीस आली तर मुलाची फौजेतली सेवाच धोक्यात येईल आणि तुम्ही चार वर्षे अशा घरात राहाल, जिथे तुम्ही पत्नी आहात हे मोठ्याने सांगण्याचीही चोरी असेल. सासूबाईंना हे तुम्ही एकटीने सांगू नका. तो त्यांचा मुलगा आहे, त्यानेच आईजवळ बसून सांगावे.

आता त्यांच्या निर्णयाकडे वळू. मी तुमच्या जागी असते तर त्यांना एकच प्रश्न विचारला असता: फीची सोय उद्या सकाळी झाली, तर तुम्ही तरीही फौजेत जाल का? या प्रश्नाचे उत्तर त्यांनी घाईने देऊ नये आणि तुम्हीही घाई करू नये. ते ‘हो’ म्हणाले तर त्यांना सैनिक व्हायचे आहे आणि शिक्षणाचा खर्च हे त्याला जोडलेले कारण आहे. अशा माणसाला अडवून ठेवल्याने संसार सुखाचा होत नाही. ते ‘नाही’ म्हणाले, तर मात्र फॉर्म भरण्याआधी फीचाच प्रश्न दोघांनी मिळून नीट तपासला पाहिजे, कारण बाग पडला त्या वर्षी त्यांच्या घरात तो कोणी शांतपणे तपासला असेल असे मला वाटत नाही. डोक्यावर कर्ज असले म्हणजे घरातल्या माणसांना ‘शिक्षण बंद’ एवढाच एक मार्ग दिसतो. हे आपल्याकडे घरोघरी घडलेले आहे.

जळगावला शासकीय अभियांत्रिकी महाविद्यालय आहे, आणि तिथले शुल्क खासगी महाविद्यालयांच्या तुलनेत बरेच कमी असते. राज्याच्या केंद्रीभूत प्रवेश प्रक्रियेतून प्रवेश घेतला आणि कुटुंबाचे वार्षिक उत्पन्न ८ लाखांच्या आत असले, तर खुल्या प्रवर्गातील विद्यार्थ्याला राजर्षी छत्रपती शाहू महाराज शिष्यवृत्तीतून निम्मे शिक्षण शुल्क परत मिळते. इतर मागास प्रवर्गासाठीही शुल्क सवलतीची योजना आहे, आणि वसतिगृहाच्या खर्चासाठी डॉ. पंजाबराव देशमुख यांच्या नावाने निर्वाह भत्ता मिळतो. या सर्वांचे अर्ज राज्य शासनाच्या महाडीबीटी संकेतस्थळावर भरायचे असतात. उरलेल्या रकमेसाठी शैक्षणिक कर्ज मागता येते. साडेसात लाख रुपयांपर्यंतच्या कर्जाला सरकारची पतहमी योजना (बँकेला कर्जाची हमी) असल्यामुळे शेत किंवा घर तारण ठेवण्याची अट नसते, पालक सहकर्जदार म्हणून लागतात. त्यांच्या वडिलांचे पीककर्ज थकलेले असेल तर बँक नाके मुरडेल, हे खरे आहे. तरीही व्यवस्थापकांना प्रत्यक्ष भेटून, नकार मिळालाच तर तो लेखी घेऊन मगच तो मार्ग बंद समजावा. माझ्या माहितीतल्या कित्येक मुलांना बँकेने नाही म्हटलेले नव्हते. त्यांनी बँकेला विचारलेलेच नव्हते.

हे सर्व पाहूनही त्यांनी जायचे ठरवले, तर अग्निवीर योजनेचा हिशेब दोघांनी एका वहीत मांडावा. २०२२ साली ही योजना जाहीर झाली तेव्हापासून त्यात मासिक वेतन पहिल्या वर्षी ३०,०००, दुसऱ्या वर्षी ३३,०००, तिसऱ्या वर्षी ३६,५०० आणि चौथ्या वर्षी ४०,००० रुपये असे ठरले आहे. त्यातले ३० टक्के सेवानिधीत, म्हणजे सेवा संपताना एकरकमी मिळणाऱ्या निधीत, कापले जातात आणि तेवढीच भर सरकार घालते. म्हणून पहिल्या वर्षी हातात येतात ते दरमहा २१,००० रुपये. चार वर्षांत त्यांच्या वेतनातून सुमारे ५ लाख २ हजार रुपये साठतात, सरकारचे तेवढेच, आणि व्याजासह ही रक्कम सुमारे ११ लाख ७१ हजार रुपये होते, जिच्यावर आयकर नाही. निवृत्तिवेतन आणि उपदान (ग्रॅच्युइटी) मात्र नाही. ज्यांना पुढे कायम सेवेत घेतले जाते, अशांची संख्या तुकडीच्या २५ टक्क्यांपर्यंतच असते. आणि त्यांना त्या वेळी सेवानिधीतला केवळ स्वतःचा वाटा व्याजासह मिळतो, सरकारचा मिळत नाही. मनात आले म्हणून मध्येच सोडून येताही येत नाही. अपवादात्मक परिस्थितीत परवानगी मिळालीच, तरी हातात येतो तो स्वतःच्या वाट्याचाच पैसा. म्हणजे चार वर्षे पूर्ण केली आणि कायम सेवेत राहिले नाही, तरच ‘अकरा लाख आणि अभियांत्रिकी’ हे त्यांचे गणित जुळते. चौथ्या वर्षी कायम होण्याची संधी आली तर शिक्षणाचे काय करायचे, याचा विचार त्यांनी केला आहे का, हे विचारा.

यापेक्षाही एक गोष्ट मला अधिक महत्त्वाची वाटते, आणि ती कोणत्याही जाहिरातीत लिहिलेली नसते. आपल्याकडे फौजेतल्या मुलाचा पैसा संपूर्ण घराचा असतो. दरमहा येणाऱ्या २१,००० रुपयांतून आधी पीककर्ज, मग विहिरीची मोटर, मग धाकट्या भावंडांची फी, आणि चौथ्या वर्षी सेवानिधीची रक्कम येण्याआधीच बहिणीच्या लग्नाची तारीख त्या रकमेच्या भरवशावर काढलेली असते. यात कोणाचाही लोभ नसतो. गरजाच तशा असतात. परंतु ज्या शिक्षणासाठी मुलगा गेला, ते तेवढे बाजूला राहते. म्हणून जाण्यापूर्वी त्यांनी आई-वडिलांसमोर बसून स्पष्ट बोलावे की वेतनातली अमुक रक्कम घराला आणि सेवानिधीतली अमुक रक्कम शिक्षणाला, आणि ती शिक्षणाचीच राहील. हे बोलणे साखरपुड्यातल्या मुलीच्या तोंडी शोभत नाही असे लोक म्हणतील; ते त्यांच्याच तोंडून यावे, मात्र त्यांच्या मनात ते पक्के करण्याचे काम तुम्ही करू शकता.

शिक्षण पूर्णपणे चार वर्षे थांबवण्याचीही गरज नाही. इंदिरा गांधी राष्ट्रीय मुक्त विद्यापीठाने अग्निवीरांसाठी तीन वर्षांची कौशल्याधारित पदवी आखली आहे, तिच्यात निम्मे श्रेयांक (क्रेडिट) सेवेतल्या प्रशिक्षणाचेच धरले जातात. ही पदवी अभियांत्रिकीची जागा घेणार नाही, पण २४ व्या वर्षी परतताना ते पदवीधर असतील. अभियांत्रिकीच करायची तर सीईटी ही प्रवेश परीक्षा पुन्हा द्यावी लागेल, आणि चार वर्षे न हाताळलेले गणित एका महिन्यात परत येत नाही. बारावीची पुस्तके रद्दीत जाऊ देऊ नका. रजेवर येतील तेव्हा दोघे मिळून चार गणिते सोडवा, त्यातही सहवास आहेच.

आता तुमच्या शिक्षणाविषयी. ते थांबवण्याचा विचार मनातून काढून टाका, आणि हे मी कळकळीने सांगते. तुमची नोकरी पाहून ते जायचे थांबतील हा केवळ अंदाज आहे. तुमची पदवी गेली तर मात्र ती खरोखर गेली. मुलींच्या व्यावसायिक शिक्षणासाठी राज्य शासनाने जुलै २०२४ मध्ये निर्णय घेतला असून, आर्थिकदृष्ट्या दुर्बल, सामाजिक व शैक्षणिकदृष्ट्या मागास आणि इतर मागास प्रवर्गातील, ८ लाखांच्या आत उत्पन्न असलेल्या कुटुंबातील मुलींचे शिक्षण व परीक्षा शुल्क शासन भरते. तुमच्या महाविद्यालयात तुमचा अर्ज गेला आहे की नाही, ते याच आठवड्यात पाहा. आणि एक जुळणी तुमच्या लक्षात आलेली दिसत नाही. बी.फार्मसीही चार वर्षांची आहे. ते परततील त्या सुमारास तुम्ही नोंदणीकृत औषधनिर्मात्या झालेल्या असाल. त्यांच्या अभियांत्रिकीच्या वर्षांत घराचा एक पगार तुमचा असेल, तर सेवानिधीची रक्कम पीठ-मिठात न संपता फीलाच लागेल. तुम्हाला त्यांना द्यायची सर्वांत भक्कम साथ ही आहे, आणि तिच्यासाठी तुम्हाला आज काहीही सोडायचे नाही.

तुमच्या वडिलांची भीती खोटी नाही. चारपैकी तीन मुले परत येतात, हे त्यांनी बरोबर ओळखले आहे. केंद्रीय सशस्त्र पोलीस दलांत आणि आसाम रायफल्समध्ये माजी अग्निवीरांसाठी काही जागा राखीव आहेत, हे त्यांना सांगा. परंतु ती नोकरीची हमी आहे असे सांगू नका. त्यापेक्षा ‘बाबा, चार वर्षे मी तुमच्याच घरी राहून शिकणार आहे, तुम्ही मला कोठे थांबवून ठेवलेले नाही’ हे वाक्य त्यांना अधिक धीर देईल असे मला वाटते. मुलगी ‘थांबली आहे’ आणि मुलगी ‘शिकते आहे’ यांत बापाच्या मनाला फार मोठा फरक पडतो.

राहिले तुमचे रात्रीचे रडणे. माझे थोरले बंधू तोफखान्यात होते. वडील आजारी पडले तेव्हा आईने आम्हा सर्वांना ताकीद दिली की पत्रात एक अक्षरही लिहायचे नाही, तिकडे त्याचा जीव टांगणीला लागेल. ते रजेवर आले, ओट्यावर बसलेल्या वडिलांना त्यांनी पाहिले, आणि दोन दिवस ते आमच्यापैकी कोणाशीही बोलले नाहीत. पुढे मला म्हणाले, ‘त्यानंतर तुमचे प्रत्येक पत्र वाचताना वाटायचे, यातले लपवलेले काय असेल?’ तुमच्या हसतमुख चेहऱ्याचेही तसेच होईल. भीती वाटते हे आताच सांगा, ते अजून समोर आहेत तोवर. ‘मला भीती वाटते’ आणि ‘जाऊ नका’ ही दोन वेगळी वाक्ये आहेत. पहिले बोलल्याने दुसरे बोलल्यासारखे होत नाही.

आणखी एक अवघड गोष्ट लिहिते. चार वर्षे फौजेच्या कागदांवर तुमचे नाव कोठेही नसेल. जवळचे नातेवाईक म्हणून त्यांच्या आई-वडिलांची नोंद असेल, ४८ लाखांच्या विम्याचे नामनिर्देशनही घरच्यांच्याच नावे होईल आणि ते योग्यच आहे. परंतु बरी-वाईट कोणतीही बातमी प्रथम त्या घरी येईल. म्हणून सासूबाईंशी आजच्या मतभेदामुळे अबोला धरू नका. देवळातल्या लग्नाला नकार दिल्यानंतर आठवडाभरात त्यांच्याकडे जा, कानबाईच्या सणाला रोटांच्या प्रसादासाठी बोलावले तर तेव्हाही जा, आणि ‘त्यांचा फोन आला की मला कळवा, मला आला की मी तुम्हाला कळवीन’ एवढे ठरवून घ्या. प्रशिक्षणाच्या पहिल्या काही महिन्यांत फोन मोजक्याच वेळा येतात. वर्षाची रजा ३० दिवसांची असते आणि जम्मूहून भुसावळपर्यंतच्या प्रवासातच तिचे काही दिवस जातात. पुढे युनिट मिळाले की त्यांचा पत्ता ‘द्वारा ५६ ए.पी.ओ.’ किंवा ‘द्वारा ९९ ए.पी.ओ.’ (ए.पी.ओ. म्हणजे लष्कराचे टपाल कार्यालय) असा येईल. त्यात गावाचे नाव नसते, तरी पत्र पोहोचते. तो पत्ता सासूबाईंनाही उतरवून द्या.