न दिसणारा प्रकाश आणि दूरचा गॅमा स्फोट

प्रश्न : गॅमा किरण आरशाने किंवा भिंगाने एकत्र करता येत नाहीत, मग उपग्रहाला गॅमा स्फोटाची, म्हणजे दूरच्या अवकाशातून अचानक येणाऱ्या गॅमा किरणांच्या तीव्र झोताची, दिशा कशी कळते?

उत्तर : सावलीवरून. २००४ साली सोडलेल्या नासाच्या ‘स्विफ्ट’ उपग्रहावर शिशाचे ५० हजारांहून अधिक चिमुकले चौरस तुकडे मुद्दाम विस्कळीत वाटतील असे मांडले आहेत. किरण आले की या नक्षीची सावली खालच्या ३२,७६८ शोधकांवर पडते आणि ती किती सरकली आहे, यावरून उपग्रहावरचा संगणक काही सेकंदांत दिशा काढतो. खिडकीच्या जाळीची भिंतीवरची सावली पाहून ऊन कुठून येते ते सांगावे, तसेच हे आहे. त्यानंतर उपग्रह स्वतःच त्या दिशेला वळून क्ष-किरणांच्या व दृश्य-अतिनील प्रकाशाच्या दुर्बिणी तिकडे रोखतो.

प्रश्न : मंद स्फोट तो दूरचा, असे मानावे का?

उत्तर : मुळीच नाही, कारण स्फोटांची मूळ तेजस्विताच एकमेकींपासून फार वेगळी असते. अंतराचा खरा पुरावा मागे उरणाऱ्या दीप्तीत असतो. २३ एप्रिल २००९ रोजी स्विफ्टने सुमारे दहा सेकंदांचा एक स्फोट टिपला. क्ष-किरणांत त्याची दीप्ती स्पष्ट होती, दृश्य प्रकाशात मात्र काहीच नव्हते. अतिदूरच्या स्रोताचा १२१.६ नॅनोमीटरपेक्षा कमी तरंगलांबीचा प्रकाश वाटेतला हायड्रोजन गिळतो. विश्वाच्या प्रसरणाने ही सीमा ताणली जाते आणि या स्फोटाच्या बाबतीत ती ९.२ पट ताणून सुमारे १,१२० नॅनोमीटरवर, म्हणजे दृश्य प्रकाशापलीकडच्या अवरक्त पट्ट्यात गेली होती. जमिनीवरच्या मोठ्या दुर्बिणींनी अवरक्तात ती दीप्ती पाहिली आणि ताम्रसृती (तरंगलांबी जितके पट ताणली गेली त्यातून एक वजा केलेला आकडा) ८.२ ठरली. स्फोट झाला तेव्हा विश्वाचे वय जेमतेम ६३ कोटी वर्षे होते. अर्थात, न दिसणारा प्रत्येक स्फोट दूरचा नसतो. स्फोट ज्या दीर्घिकेत झाला तिच्यातील धूळही दृश्य प्रकाश अडवते, म्हणून वर्णपट (तरंगलांबीनुसार विभागलेला प्रकाश) हाती येईपर्यंत घाई करू नये.

प्रश्न : मग असे स्फोट इतके मोजकेच का सापडतात?

उत्तर : दीप्ती झपाट्याने मावळते आणि मोठ्या अवरक्त दुर्बिणीवर वेळ मिळेपर्यंत संधी हुकते, हे मुख्य कारण. शिवाय दूरच्या स्फोटांची ऊर्जाही ताणून कमी झालेली असते. म्हणून २०२४ साली सुटलेल्या चिनी-फ्रेंच ‘स्वोम’ उपग्रहाचा शोधक ४ किलोइलेक्ट्रॉनव्होल्ट (किरणांच्या ऊर्जेचे एकक) इतक्या कमी ऊर्जेपासूनच किरण टिपू लागतो. १४ मार्च २०२५ रोजी त्याने पकडलेल्या एका स्फोटाची ताम्रसृती सुमारे ७.३ निघाली.