13 वर्षांचा मुलगा शर्ट काढत नाही, पोहणं सोडलं, सारखा चिडतो. काय झालं असेल?

ताई, तुम्ही लिहिलंय की मुलगा आधी आवडीने पोहायला जायचा, आता घरातही टीशर्टवर शर्ट घालून फिरतो अन् विचारलं की अंगावर येतो. वाचून मला माझी आठवीच आठवली.

आम्ही नंदनवनला राहायचो. मे महिना, नागपूर 45 च्या वर तापलेलं अन् मी आत दोन बनियन घालून. छातीमुळे. एका बाजूला निपलखाली सुपारीएवढी गाठ आली होती, शर्ट घासला तरी दुखायची. शाळेतल्या पोट्ट्यांना कळलं अन् जे नाव पडलं ते मी आजही लिहू शकत नाही. रात्री सगळे गच्चीवर पाणी मारून झोपायचे, मी एकटा खाली, आई म्हणायची काहून असा करून राहिला बाप्पा, अन् मी तिच्यावर ओरडायचो. मला वाटायचं एकतर कॅन्सर आहे नाहीतर मी मुलगी होऊन राहिलो, यातलं आईला काय सांगणार?

दोरीवर रोज दोन बनियन वाळताना बाबांनी पाहिले असावेत. एका रविवारी कूलरच्या ताट्या बदलत होतो, मी जाळी धरलेली, ते तार पिळता पिळता माझ्याकडे न बघताच म्हणाले, "मलेबी झालं होतं तुझ्याएवढा असतानी. गेलं मंग." एवढंच. मी जाळी तशीच धरून रडलो, ते तार पिळत राहिले.

नंतर डॉक्टरांनी सांगितलं, याला गायनेकोमास्टिया म्हणतात, हार्मोन्स खालीवर होतात म्हणून वयात येणाऱ्या जवळपास निम्म्या मुलांना थोडंफार होतं, बहुतेकांचं 6 महिने ते 2 वर्षांत जातं. माझं दीड वर्षात गेलं. तुमच्या मुलाचं हेच असेल असं नाही, पण कपड्यांवरून मला तरी तसंच वाटतंय. गाठ कडक असेल, वाढत असेल, निपलमधून पाणी येत असेल तर थांबू नका, बालरोगतज्ज्ञांना दाखवा, अन् तपासताना त्याला विचारून तुम्ही बाहेर थांबा.

समोर बसवून विचारू नका. त्याच्या बाबांना किंवा मामाला काम करता करता बोलू द्या. अन् पाहुण्यांसमोर तर विषय अजिबात नको, माझ्या एका मावशीने काढला होता, मी दोन वर्षं तिच्या घरी गेलो नाही.